हातांची मोजणी

रायपूरमधल्या मोठ्या रुग्णालयांच्या आयसीयूत सकाळच्या राउंडला एखादी सिस्टर भिंतीपाशी नुसती उभी दिसते. ती सलाइन बदलत नाही, केसपेपर लिहीत नाही. हातात पॅड, पॅडवर छापील तक्ता आणि नजर लोकांच्या हातांवर. डॉक्टर चार नंबरच्या बेडवरून पाच नंबरकडे गेले, मधे हात चोळले का? वॉर्डबॉयने लघवीची पिशवी रिकामी केली, पुढच्या रुग्णाला कुशीवर वळवण्याआधी हात धुतले का? हो किंवा नाही, एवढीच खूण. वीसेक मिनिटांनी ती बेरीज करते: हात स्वच्छ करायला हवे होते असे प्रसंग किती आणि त्यांपैकी किती वेळा ते खरोखर केले गेले. रुग्णालयात हिला आयसीएन म्हणतात, म्हणजे इन्फेक्शन कंट्रोल नर्स. तिच्या हातातल्या त्या कागदामागे पावणेदोनशे वर्षं आहेत, आणि साबणाच्या किंवा जंतुनाशकांच्या इतिहासापेक्षा मला हा कागद महत्त्वाचा वाटतो. हात धुतल्याने रुग्ण वाचतात हे 1847 पासून माहीत आहे. माहीत असूनही हात धुतले जात नाहीत, आणि या कागदाचं भांडण त्या सवयीशी आहे.

त्याचं मूळ व्हिएन्नात सापडतं. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्या विभागात 4010 बाळंतपणांत 459 बायका दगावल्या, दुसऱ्यात 3754 बाळंतपणांत 105. शहरातल्या बायकांना हा फरक आकडे न वाचताच ठाऊक होता. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवत. पहिल्या विभागात काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने हवा, गर्दी, आहार अशी एकेक कारणं तपासून बाजूला सारली. मार्च 1847 मध्ये त्याचा मित्र, प्राध्यापक याकोब कोलेच्का, शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडला आणि गेला. त्याच्या शरीरात ज्या खुणा दिसल्या, त्याच सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, गेलेल्या बायकांमध्ये दिसत. विच्छेदनाच्या टेबलावरून थेट बाळंतिणीकडे जाणारे हात हाच दुवा होता. मेच्या मध्यापासून सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये दर 100 बाळंतिणींमागे 18 मृत्यू होते, जुलैत ते दोनाच्या खाली आले. 1848 च्या पूर्ण वर्षात 3556 बाळंतपणांत 45 मृत्यू, म्हणजे सुइणींच्या विभागाइतकेच.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथवरच सांगितली जाते. आयसीयूच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. ऑक्टोबर 1847 मध्ये पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक बाई होती. डॉक्टर वॉर्डात शिरताना हात धुऊन आले होते, पण तिला तपासल्यावर पुढच्या खाटांकडे जाताना त्यांनी क्लोरीनचं पाणी वापरलं नाही. तिच्या पाठोपाठ तपासलेल्या 12 बायकांपैकी 11 गेल्या. विष फक्त शवागारातून येत नाही, एका जिवंत रुग्णाकडून दुसऱ्याकडेही जातं, हे तिथे कळलं, आणि सेमेलवाइसने प्रत्येक दोन रुग्णांच्या मधे हात धुण्याचा नियम केला. चार नंबर आणि पाच नंबरच्या बेडमधली आजची खूण या नियमातून आली आहे.

सेमेलवाइसकडे पुरावा होता, तरी तो हरला. 1849 मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही, तो पेस्टला परतला. 1861 मध्ये ग्रंथ लिहिला आणि पुढे विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हटलं. 1865 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, तो व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात मेला. जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता, हे त्याच्या पराभवाचं एक कारण. दुसरं असं, की त्याचे आकडे सहकाऱ्यांपर्यंत आरोप म्हणून पोचले. ज्याच्या हातांची मोजणी होते त्याला ती आपली वाटली नाही तर तो हात मागे घेतो.

पुढचं शतक शस्त्रक्रियागृहाचं. 1867 मध्ये सर्जन लिस्टरचं जंतुनाशक कार्बोलिक आलं, 1890 च्या सुमारास बाल्टिमोरला सर्जन हॉलस्टेडने रबरी हातमोजे आणले. ऑपरेशनआधी कोपरापर्यंत हात घासणं हा न चुकणारा विधी झाला. वॉर्डातले हात मात्र कुणी मोजत नव्हतं.

मग एक नवी जागा निर्माण झाली. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला ब्यॉर्न इब्सेनने श्वास न घेता येणाऱ्या रुग्णांना एकत्र ठेवून कृत्रिम श्वास देण्याची व्यवस्था उभी केली. त्यातून आयसीयू घडला. घशात नळी, मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन, मूत्राशयात कॅथेटर: शरीराने जंतूंना बंद ठेवलेल्या वाटा इथे उपचारासाठीच उघडाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक वाटेला दिवसभर कुणाचे ना कुणाचे हात लागतात. 1981 मध्ये अमेरिकेतल्या दोन आयसीयूंत हे हात शांतपणे मोजले गेले. एका ठिकाणी गरजेच्या 100 प्रसंगांपैकी 41 वेळा हात धुतले गेले, दुसऱ्या ठिकाणी 28 वेळा. त्यातही डॉक्टर मागे होते.

आळस किंवा बेफिकिरी असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. पण आयसीयूतल्या सिस्टरला तासाला सरासरी 20 वेळा हात स्वच्छ करायची वेळ येते. बेसिनपर्यंत जाऊन साबणाने नीट हात धुवायला मिनिटभर लागतं. 1997 मध्ये फॉस आणि विडमर या संशोधकांनी हिशेब मांडला: आयसीयूतल्या 12 कर्मचाऱ्यांनी एकही प्रसंग न चुकवता साबणपाण्याने हात धुतले, तर एका दिवसपाळीत मिळून 16 तास त्यातच जातील. अल्कोहोलचा हँडरब बेडपाशी असेल तर हेच काम तीन तासांत होतं. हँडरबची बाटली 1965 पासून जर्मनीत होतीच. ती भिंतीवरून बेडपर्यंत आणि खिशापर्यंत आणायचं काम जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिटे यांनी केलं. तिथे डिसेंबर 1994 पासून वर्षातून दोनदा हातांची मोजणी होई आणि आकडे विभागांना परत सांगितले जात. भिंतींवरची पोस्टर्स कर्मचाऱ्यांनीच एका व्यंगचित्रकाराबरोबर तयार केली. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण तीन वर्षांत 48 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण 16.9 वरून 9.9 टक्क्यांवर उतरलं. सेमेलवाइसला जे एकट्याच्या हुकमाने टिकवता आलं नाही, ते इथे टिकलं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत आजचा तक्ता पक्का केला. त्यात पाच क्षण आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवीसारख्या द्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. जगभरच्या मोजण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. 'नंतर'चे हात धुतले जातात, 'आधी'चे राहतात. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. बाहेरून आल्यावर हातपाय धुणं आपल्या अंगवळणी असतं, कारण तिथे स्वतःला जपायचं असतं. स्वच्छ दिसणारे हात दुसऱ्यासाठी पुन्हा स्वच्छ करायला निराळी सवय लागते, आणि ती आयसीयूत येऊनच लावून घ्यावी लागते.

बघणारा दिसला की माणूस शहाण्यासारखा वागतो, हा या कागदाचा दोष. टोरांटोमधल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरीक्षक नजरेच्या टप्प्यात असताना हँडरबचा वापर सुमारे तिपटीने वाढलेला आढळला. न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटच्या नॉर्थ शोअर रुग्णालयाने म्हणून 2008 मध्ये आयसीयूच्या खोल्यांपाशी कॅमेरे बसवले. पहिले 16 आठवडे आकडे कुणाला सांगितले नाहीत. पालन दहा टक्क्यांच्याही खाली होतं. मग तेच आकडे आयसीयूतल्या फलकांवर सतत झळकू लागले आणि प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं. कॅमेरा दोन्ही वेळा तोच होता. बदललं ते एवढंच, की आकडा परत आला. आणि ती चित्रं पाहून खुणा करणारी माणसं बसली होती भारतात. अमेरिकन रुग्णाच्या बेडपाशी हात धुतले की नाहीत हे भारतीय डोळे रात्रंदिवस मोजत होते, हे वाचल्यापासून एक गोष्ट मनात सलते. मोजण्याचं कौशल्य आपल्याकडे नाही, असं आपल्याला म्हणता येणार नाही.

छत्तीसगडला या प्रश्नाची ओळख फार कडवट रीतीने झाली आहे. 8 नोव्हेंबर 2014 रोजी बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत एकाच सर्जनने 83 बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. एका पथकाने दिवसाला 30 हून जास्त करू नयेत असा नियम असताना. 13 बायका गेल्या. कारण जंतुसंसर्ग की दूषित औषध यावर वाद राहिला, पण त्या वेगात दोन रुग्णांच्या मधे हातांना किती वेळ मिळाला असेल याचा विचार करवत नाही. पुढच्याच वर्षी केंद्राची 'कायाकल्प' योजना आली आणि सरकारी रुग्णालयांच्या गुणांकनात संसर्ग नियंत्रण, त्यात हातांची स्वच्छताही, दाखल झालं. खासगी रुग्णालयांना एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनासाठी हीच मोजणी करावी लागते. 2020 मध्ये कोविडने बाटल्या सगळीकडे पोचवल्या. जशपूरच्या महिला बचत गटांनी तर मोहापासून सॅनिटायझर केलं.

रायपूरवर याची जबाबदारी मोठी आहे. 1963 चं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, ज्याला अख्खं शहर मेकाहारा म्हणतं, 2012 पासूनचं टाटीबंधचं एम्स, शिवाय कितीतरी खासगी रुग्णालयं. बस्तरहून, सरगुजाहून, ओडिशातल्या नुआपाडा-कलाहांडीहून, इकडे गोंदियाकडूनही माणसं इथे येतात ती शेवटचा उपाय म्हणून. घरचं भात-शेत गहाण टाकून आणलेला रुग्ण मूळ आजारातून सावरावा आणि सेंट्रल लाइनमधून लागलेल्या जंतूने जावा, याहून क्रूर काही नाही. असा संसर्ग झाला की महागडी प्रतिजैविकं, लांबलेला मुक्काम आणि वाढतं बिल ओघाने येतं.

मोजणीला म्हणूनच फाइलीत पडू देऊ नये. तपासणीच्या आठवड्यात 95 टक्के दाखवणारा तक्ता कुणालाच वाचवत नाही. आयसीएनने शिफ्ट संपण्याआधी त्याच शिफ्टला आकडा सांगावा, नावं न घेता. राउंडमध्ये सर्वांत वरिष्ठ डॉक्टरने पहिल्यांदा हात चोळावेत, कारण मागचे सगळे त्यांच्याकडे बघत असतात. प्रत्येक बेडच्या पायथ्याशी भरलेली बाटली हवी आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे पुरेशा सिस्टर हव्यात. एकीने चार बेड सांभाळायचे असतील तर तक्ता दाखवून तिला बोलण्याचा कुणाला अधिकार नाही. हातमोजे घातले म्हणजे झालं, हा समज सतत खोडत राहावा लागतो: मोजे बदलतानाही हात स्वच्छ करायचे असतात.

आणि माझी एक मागणी आहे. हा आकडा आयसीयूच्या दाराबाहेर, जिथे नातेवाईक सतरंज्या टाकून बसलेले असतात, तिथे हिंदीत, छत्तीसगढीत आणि ओडियात लावावा. आत हात कुणाचे लागतात आणि ते किती वेळा स्वच्छ असतात, हे जाणण्याचा हक्क त्यांचा आहे. पहिल्या महिन्यात 40 टक्के आले तर 40च लिहावेत, आणि खाली पुढच्या मोजणीची तारीख.