ट्रॅक्टरचं तोंड का उचलतं? ट्रॉलीच्या हुकवर किती भार चालतो, सोप्या भाषेत समजून घ्या

दिवाळीच्या आसपास यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात कापूस आणि सोयाबीनच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागतात. चढ लागला की एखाद्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. दोष अनेकदा इंजिनचा नसतो. माल ट्रॉलीत कुठे भरला, यावर बरंच काही ठरतं.

हुकवरचा भार म्हणजे काय?

ट्रॉलीचं सगळं वजन तिच्या चाकांवर नसतं. काही भाग दांडीतून ट्रॅक्टरच्या हुकवर येतो. जुन्या गाडीवानांना हे पक्कं माहीत होतं. बैलगाडीत मागे जास्त ओझं झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवर दाबतं. ट्रॉलीचंही तसंच आहे.

हिशेब कसा?

समजा, दोन चाकी ट्रॉली मालासह ५,००० किलोची आहे आणि आसापासून हुक ४ मीटरवर आहे.

- वजनाचा मध्य आसाच्या ४० सेंमी पुढे: हुकवर ५०० किलो
- ८० सेंमी पुढे: हुकवर १,००० किलो
- २० सेंमी मागे: हुक २५० किलोने वर ओढला जातो

माल तेवढाच, पण जागा बदलली की भार दुप्पट. चार चाकी ट्रॉलीत बहुतेक वजन तिच्याच चाकांवर राहतं, त्यामुळे हुकवर कमी भार येतो.

जास्त झाला तर?

हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे दाब वाढला की तराजूसारखं पुढचं टोक उचलतं. हुक आसाच्या ८० सेंमी मागे आणि दोन्ही आसांत २ मीटर अंतर असेल, तर १,००० किलोच्या दाबाने पुढच्या चाकांवरचं ४०० किलो वजन कमी होतं. चढावर हे आणखी वाढतं. म्हणूनच दांडी ठरलेल्या ड्रॉबारलाच जोडायची. मागच्या आसापेक्षा उंच ठिकाणी जोडली, तर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

कमी झाला तर?

हा धोका कारमागच्या कॅम्परला जास्त. मागे वजन असलं की वेगात कॅम्पर डावी-उजवीकडे झुलू लागतो. म्हणून अमेरिकेत कॅम्परच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर ठेवतात. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यामुळे हा हिशेब इथेही कामाचा आहे.

मर्यादा कोणती धरायची?

वाहनाची ओढण्याची क्षमता, हुकवर चालणारा उभा भार, हुकची आणि पिनची ताकद, ट्रॉलीचं नोंदणीतलं वजन. यातला जो आकडा आधी ओलांडला जाईल, तिथे थांबायचं. हुक मजबूत लावला म्हणून ट्रॅक्टरची क्षमता वाढत नाही.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूंनी किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला, तरी २०,००० रुपये.

काट्यावर कसं तपासाल?

१. ट्रॉली जोडलेली ठेवून फक्त ट्रॅक्टर काट्यावर घ्या. ट्रॉलीची चाकं बाहेर, सपाट जागेवर हवीत.
२. चाकांना दगड लावा, दांडीखाली टेकू द्या आणि ट्रॉली सोडा.
३. रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन करा.

दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकवरचा भार. तो ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा. जास्त असेल तर पुढची काही पोती मागे सरकवा. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण उतारावर ब्रेक लावताना आणि वळणावर स्टिअरिंग फिरवताना जीव यावरच अवलंबून असतो.