कल्हई आणि प्लाझ्मा

हैदराबादेस मुसी नदीच्या उत्तर तीरावर बेगम बाजार ही जुनी पेठ आहे. दुसरा असफजहा निजाम अली खान (कारकीर्द १७६२ ते १८०३) याची बेगम हमदा हिने ही जागा शहरातील व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव पडले. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ही पेठ प्रसिद्ध आहे. त्यांच्या शेजारी प्लास्टिकचा मालही आता तितकाच रचलेला दिसतो. या दोन मालांचे नाते वरवर पाहता वैराचे आहे. एका गोष्टीत मात्र ते सख्खे आहे.

तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो आणि प्रसंगी जिवावर बेततो. म्हणून आतून कथलाचा लेप द्यावयाचा. परंतु कथील २३२ अंश उष्णतेवर वितळले तरी मळक्या तांब्याला धरीत नाही, थेंब होऊन घरंगळते. कारण तांब्यावर प्राणवायूच्या संयोगाने काळपट पापुद्रा चढलेला असतो. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो आणि त्यातील आम्ल तो पापुद्रा खाऊन टाकते. मग कापसाचा एक फेर, की भांडे चांदीसारखे उजळते! सारी करामत कथलाची वाटते. खरी ती नवसागराची असते. ही विद्या फार जुनी. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे की, कथलामुळे भांड्यातील विषाला आळा बसतो आणि नवल असे की भांड्याचे वजन वाढत नाही.

१९३३ साली इंग्लंडमध्ये गिब्सन व फॉसेट या रसायनज्ञांच्या हाती पॉलिथीन आले. ते स्वस्त, हलके आणि पाण्याला दाद न देणारे. पण हाच गुण छापखान्यात अवगुण ठरला. पिशवीवर छापलेले नाव नखाने खरवडताच निघून येई. पॉलिथीनचे रेणू म्हणजे केवळ कार्बन व हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्या. शाईला किंवा डिंकाला धरावयास तेथे काहीच नाही. येथे अडचण मळाची नव्हती, तर पृष्ठभागाच्या अलिप्तपणाची होती. त्यामुळे नुसते घासून-पुसून भागणारे नव्हते.

१९५१ च्या सुमारास डेन्मार्कमधील व्हर्नर आयस्बी याने त्यावर विजेचा इलाज काढला. उच्च दाबाच्या विजेने हवा फोडली की निळसर ठिणग्यांचा पडदा उभा राहतो. हवेतील कण विद्युत्भारित होतात. वायूच्या अशा अवस्थेला १९२८ मध्ये लँगम्यूर याने ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले होते. या पडद्याखालून पॉलिथीनचा पट्टा सरकला की वरच्या साखळ्या जागोजाग तुटतात व तेथे प्राणवायूचे अणू येऊन बसतात. शाईला धरावयास जागा मिळते. गंमत पाहा, जो प्राणवायू तांब्यावरून नवसागराने हाकलावयाचा, तोच येथे मुद्दाम आणून बसवावयाचा! बदल होतो तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपासच्या खोलीपर्यंतच. प्लास्टिकच्या मूळ गुणांना धक्का लागत नाही.

हा संस्कारही कायमचा नव्हे. पट्टा गोदामात पडून राहिला तर बदललेले रेणू हळूहळू आत वळतात आणि शाई पुन्हा सुटू लागते. म्हणून पुष्कळ कारखान्यांत छपाईच्या यंत्रालाच ठिणग्यांची जोड दिलेली असते. वापरातल्या पातेल्याची कल्हईही अशीच काही महिन्यांनी झिजते आणि कल्हईवाल्याला पुन्हा हाक मारावी लागते.