‘हाताचं मढं झालं’

१. कुंथलगिरीच्या (ता. भूम) पेढ्यामागे खव्याची भट्टी असते. दूध आटेपर्यंत ढवळणारा हात थांबवता येत नाही, नाहीतर खाली लागते. हा हात चालतो तो असा: मेंदूचा संदेश आला की स्नायुपेशीत कॅल्शियम मोकळे होते आणि मायोसिन या प्रथिनाची डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे तंतू धरून ओढतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. (१९५४ साली हे दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडले, दोन्हींत एकेक हक्सले, पण नात्याचे नव्हेत!) पकड सुटायला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन) लागते, कॅल्शियम परत कोठारात भरायलाही लागते; सैल पडणे फुकटात होत नाही. मढे ताठते ते एटीपी संपल्यामुळे. दमलेल्या जिवंत हातात ते इतके कधीच संपत नाही, तेव्हा हाताला मढे म्हणणारी लेखकाची उपमा जोरकस असली तरी शास्त्राला धरून नाही. – संपा.