घोडनदीत गेलेली पुस्तके आणि सरफराजांची सूची

आमच्या दादांची एक लोखंडी ट्रंक होती. मी चौथीत असताना दादा वारले आणि चाळिसाव्यानंतर ती ट्रंक उघडली गेली. आत जुने कुरआन होते, जुजदानात गुंडाळलेले, काठ कुरतडलेले. काही छापील उर्दू किताबा होत्या. तळाशी हाताने लिहिलेली दोन बाडे होती, त्यांतली शीर्षके तांबड्या शाईत होती. घरात फारसी वाचणारे कोणी उरले नव्हते. ज्या कागदावर अल्लाहचे नाव आहे तो पायदळी जाऊ नये, ही एकच काळजी सगळ्यांना होती. मग फुफींनी पांढऱ्या कापडात सगळे बांधले, त्यात दगड घातला आणि शिरूरच्या नदीच्या डोहात ते सोडले. आमच्याकडे याला पुस्तके 'थंडी करणे' म्हणतात. शिरूर, दौंड, श्रीगोंद्याकडच्या बहुतेक मुस्लिम घरांत हे कधी ना कधी झालेले आहे. दौंडकरांना भीमा जवळ, आम्हाला घोड.

त्या वडीलधाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी अदब पाळली. पण मोठेपणी विद्यापीठांच्या ग्रंथालयांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की अदब पाळण्याची आणखी एक रीत होती. ती आपल्याच माणसांनी, आपल्याच राज्यात, मुंबईत घालून दिली होती. आपल्याला तिचा पत्ता नव्हता इतकेच.

मुंबईचा राजाबाई टॉवर सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान सिनेमात. त्याच्या पायाशी ग्रंथालय आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. पहिली काही वर्षे ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे कार्यालयच होते. १८६४ मध्ये कापसाच्या तेजीत गडगंज झालेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये दिले. पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यायला सांगितले. पुढच्याच वर्षी कापसाचा फुगा फुटला, त्यात प्रेमचंदही बुडाले. इमारत मात्र उभी राहिली. आराखडा इंग्लंडमधल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा होता, ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. १८६९ मध्ये काम सुरू झाले, १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. रंगीत काचा, कोरीव दगड, गोल जिने. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतल्या ज्या इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटले, त्यात ही एक आहे.

इमारत झाली म्हणजे ग्रंथालय झाले असे नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने विद्यापीठांची पाहणी करायला एक आयोग नेमला. थॉमस रॅले अध्यक्ष होते आणि सदस्यांत हैदराबादचे सय्यद हुसेन बिलग्रामी होते. आयोगाने मुंबईच्या ग्रंथालयाबद्दल जे नोंदवले ते वाचताना मला हसूही आले आणि वाईटही वाटले. संग्रह चांगला आहे, विशेषतः पौर्वात्य ग्रंथांचा. पण पदवीधर त्याचा वापर फारसा करत नाहीत आणि विद्यार्थी तर जवळजवळ नाहीतच. म्हणजे एवढा पैसा, एवढा दगड, एवढी पुस्तके, आणि वाचायला कोणी नाही! बिलग्रामींना ही गोष्ट लागली असणार असे मला वाटते, कारण त्याआधी अकराच वर्षे त्यांनी हैदराबादेत आसफिया ग्रंथालयाची पायाभरणी केली होती. ग्रंथालय उभे करणे आणि ते वापरात आणणे या दोन वेगळ्या मेहनती आहेत, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

हे वाचताना मला एक कपाट आठवते. मी बी.एड. करत असताना आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात उर्दूची पुस्तके एका काचेच्या कपाटात होती. कपाटाला कुलूप, किल्ली एका शिपायाकडे, आणि तो नेमका रजेवर. पुस्तकांची यादी मागितली तर "उर्दू – ६२ नग" एवढी एक ओळ नोंदवहीत सापडली. नग! लाकडी खुर्च्याही त्याच वहीत नग होत्या. पाठ टाचणासाठी मला उर्दू व्याकरणाचे एखादे जुने पुस्तक हवे होते. ते त्या बासष्टांत होते की नव्हते, हे वर्षभरात कळले नाही. पुस्तक असूनही नसल्यासारखे होते.

आता सरफराजांकडे येतो. खान बहादूर शेख अब्दुल कादिर-ए-सरफराज हे फारसीचे प्राध्यापक. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची त्यांनी तयार केली आणि विद्यापीठाने ती १९३५ मध्ये छापली. आपल्या समाजात शायरांचे मुशायरे होतात, वक्त्यांचे जलसे होतात. सूची करणाऱ्याचा उरूस कोणी भरवत नाही. म्हणून हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलेही नसेल.

सूची म्हणजे यादी नव्हे, हे शिक्षक म्हणून मला नेहमी समजावून सांगावे लागते. हस्तलिखिताला मुखपृष्ठ नसते. पुष्कळदा पहिले पान गळालेले असते, आणि त्याबरोबर ग्रंथाचे आणि लेखकाचे नावही गेलेले असते. सूचीकाराला मजकूर वाचून ठरवावे लागते की हे काय आहे. मग पाने किती, एका पानावर ओळी किती, खत कोणता – नस्ख, नस्तालीक की वाचणाऱ्याचा घाम काढणारा शिकस्ता. सुरुवातीचे शब्द कोणते, शेवटचे कोणते. अखेरीस तरकीमा असेल तर कातिबाचे नाव, गाव आणि हिजरी साल मिळते. मालकांच्या मोहरा असतात, त्यांवरून ते बाड कोणाकोणाच्या हातून फिरले ते कळते. एकेका ग्रंथासाठी असे दिवस जातात. एवढे झाल्यावर कैरोतला किंवा लखनौतला एखादा प्राध्यापक घरबसल्या सांगू शकतो की मला मुंबईतले अमुक क्रमांकाचे बाड पाहायचे आहे. त्या क्षणी ते बाड जिवंत होते. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी असतात, या अर्थाचा आहे. १९०२ च्या आयोगाच्या तक्रारीला सरफराजांनी आपल्या परीने दिलेले उत्तर म्हणजे ही सूची, असे मी मानतो.

दुसरे नाव आसफ अली असगर फैजी. हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असते, कारण मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ पासून आजतागायत वाचले जाते. जन्म १८९९ चा, आपल्या माथेरानचा. केंब्रिजला शिकले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, स्वातंत्र्यानंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते, पुढे जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरूही. पण मला ते आठवतात ते एका देणगीसाठी.

फैजी सुलेमानी बोहरा घराण्यातले, बद्रुद्दीन तैयबजींच्या गोतातले. बोहरा हे इस्माइली परंपरेचे. त्यांचे धर्मग्रंथ इजिप्तच्या फातिमी खिलाफतीच्या काळापासूनचे, तिथून येमेनला गेलेले आणि सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातेत आलेले. शतकानुशतके छळ सोसलेल्या जमातीने ते जिवापाड जपले. छापायचे नाहीत, परक्याला दाखवायचे नाहीत, आपल्यातल्यांनीही दाईंच्या परवानगीने आणि उस्तादापाशी बसूनच वाचायचे. त्या काळजीमुळेच ते टिकले, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पण तिची दुसरी बाजूही होती. एखाद्या बोहऱ्याच्या मृत्युपत्राचा दावा उभा राहिला, तर वकिलाच्या हाताशी हनफी ग्रंथ होते, इस्ना अशरी ग्रंथ होते, आणि ज्यांचा दावा आहे त्यांचा स्वतःचा ग्रंथ मात्र कोणाच्या तरी पेटाऱ्यात. फैजींनी १९३३ मध्ये इस्माइली मृत्युपत्राच्या कायद्यावर पुस्तक काढले. पुढे दहाव्या शतकातले फातिमी काझी नोमान यांचा 'दआइमुल इस्लाम' हा मूळ अरबी ग्रंथ निरनिराळी हस्तलिखिते ताडून संपादित केला. त्याचे दोन खंड कैरोत १९५१ आणि १९६० मध्ये निघाले. जो ग्रंथ फातिमींच्या राज्यात लिहिला गेला, त्याच्या प्रती हिंदुस्थानातल्या व्यापारी घरांत उरल्या होत्या आणि संपादकही मुंबईचा.

आपल्याजवळचा इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह फैजींनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. मुइझ गोरियावाला यांनी त्याची सूची केली, ती विद्यापीठाने १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. फैजींना हे संग्रह आपल्या घरी ठेवता आले असते, परदेशातल्या एखाद्या संस्थेला देता आले असते. त्यांनी ते अशा जागी ठेवले जिथे हिंदू, ख्रिस्ती, सुन्नी, शिया, कोणीही विद्यार्थी अर्ज करून मेजावर मागू शकतो. त्यांच्या जमातीतल्या अनेकांना हे रुचले नसणार. ज्या वस्तूवर घराण्याची आणि जमातीची ओळख उभी आहे, ती सगळ्यांसाठी खुली करायला वेगळी छाती लागते. जुन्या काळी किताबाच्या पहिल्या पानावर 'वक्फ' असा शिक्का मारून ती मदरशाला देत. हाही वक्फच होता, फक्त मुतवल्ली विद्यापीठ होते.

त्याचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारेल. इस्माइल पूनावाला या अभ्यासकांनी १९७७ मध्ये इस्माइली साहित्याची मोठी संदर्भसूची प्रसिद्ध केली. कोणता ग्रंथ जगात कोठे मिळतो हे ती सांगते आणि त्यात फैजींचा हा संग्रह आहे. 'दआइम'चे फैजींनी केलेले इंग्रजी भाषांतर त्यांच्या हयातीत निघाले नाही. ते १९८१ मध्ये गेले. पूनावालांनीच ते तपासून, टिपा देऊन एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केले. एका माणसाचे अपुरे काम दुसऱ्याला पुढे नेता आले.

बगदादच्या बैतुल हिकमतचे आणि कुर्तुब्याच्या लाखो पुस्तकांचे गोडवे आपण मिलादच्या जलशांत फार गातो. गावेत. पण आपल्याजवळचेही बघावे. 'तारीख-ए-फिरिश्ता' लिहिणारा मुहम्मद कासिम आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता, मग विजापूरला गेला. शिरूरहून नगर किती लांब? त्याचा मूळ फारसी ग्रंथ जॉन ब्रिग्ज यांनी १८३१-३२ मध्ये शिळाप्रेसवर छापून घेतला, तो मुंबई आणि पुण्यात. पुण्यात फारसी इतिहास छापला जात होता आणि आज त्याच पुणे जिल्ह्यात माझ्या वर्गातल्या मुलांना वाटते की आपल्या पूर्वजांनी फक्त तलवारी चालवल्या आणि अत्तरे विकली. भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड काढले नसते, तर मराठी वाचकांना तेवढेही कळले नसते. खरे फारसी शिकले. आम्ही ती विसरलो.

तालुक्याच्या गावातून विद्यापीठाचे ग्रंथालय गाठणे अजूनही एक मोहीम असते. शिरूरहून एसटीने वाकडेवाडीला उतरायचे, दौंडहून डेमूने पुणे स्टेशन, मग बस बदलून गणेशखिंड. विद्यापीठाच्या आवारातल्या ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर यांचे नाव आहे. आमच्याकडची मुले पदवीनंतरही तिकडे फिरकत नाहीत. मुलींचे तर विचारूच नका, परतीच्या शेवटच्या गाडीचा हिशेब आधी करावा लागतो. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध आता मोबाइलवर उघडतात, त्याने हे अंतर बरेच कमी झाले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने दखनी म्हणींवरचा प्रबंध असाच बसल्या जागी वाचून काढला आणि मलाच चार म्हणी नव्या सांगितल्या. पण मोबाइलवर तेच येते ज्याची कोणीतरी आधी नोंद केलेली असते. घोडनदीच्या डोहाची सूची निघत नाही.

गेल्या रमजानच्या आधी दौंडहून एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या सुनेचा फोन आला. घर पाडायचे आहे, सासऱ्यांच्या किताबांची पेटी आहे, थंडी करायची की तुम्ही नेता, असे त्यांनी विचारले. मी मित्राची गाडी घेऊन गेलो. आता सुट्टीच्या दिवशी दुहेरी रेघांच्या वहीत एकेकाची नोंद करतो आहे. सरफराजांनी केली तशीच पद्धत ठेवतो: पाने, ओळी, खत, सुरुवात, शेवट, मोहर. वही पुरी झाली की वहीसकट पेटी पुण्याला न्यायची, असे त्या बाईंशी ठरले आहे. एकोणचाळीस नोंदी झाल्या आहेत. चाळिसावे बाड शिकस्त्यात आहे, पहिली दोन पाने गेलेली, कडेला एक गोल मोहर. भिंगातून पाहिले तर 'बंदा' एवढा शब्द लागतो आणि खाली हिजरी सालाचे शेवटचे दोन आकडे.