काजळींतील नलिका

दिव्याच्या काचेवर धरलेली काजळी पुसून टाकावी, हा घरोघरचा शिरस्ता. तप्त लोखंडावर वायूंतून बसणारी काजळी रसायनशास्त्रज्ञांनाहि पुष्कळ काळ पीडाच वाटे. परंतु तींतच कर्बाच्या अणूंचें जाळें गुंडाळून झालेली, केसाहून हजारों पटींनीं बारीक अशी पोकळ नलिका दडलेली होती. तिलाच आज नॅनोट्यूब म्हणतात.

१९५२ सालीं रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनीं सुमारें ६०० अंश सेल्सिअसवर कार्बन मोनॉक्साइड वायु लोखंडावरून सोडला आणि जमलेली काजळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविली. सुमारें ५० नॅनोमीटर जाडीचे पोकळ तंतु छायाचित्रांत उमटले. लेख मात्र रशियन भाषेंत होता. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत पाश्चात्य जगांत तो फारसा कोणी वाचला नाहीं.

१९९० सालीं क्रेट्श्मर व हफमन यांनीं निराळें उपकरण पुढें आणलें. हेलियम भरलेल्या पात्रांत ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्यें विजेची ज्वाला पेटविली, कीं भिंतींवर काजळी जमे आणि तींत फुलरीन नांवाचे चेंडूसारखे रेणु सांपडत. सर्वांचें लक्ष त्या काजळीकडे लागलें. जपानांत त्सुकुबा येथील एन्‌ईसी कंपनीच्या प्रयोगशाळेंत सुमिओ इइजिमा यांनीं मात्र ऋणाग्रावर वाढलेला थर तपासला आणि १९९१ सालीं एकींत एक बसलेल्या नलिका जगापुढें मांडल्या. दुसऱ्याच वर्षीं तेथेंच एबेसन आणि मूळचे केरळचे पुलिकल अजयन यांनीं वायूचा दाब वाढवून त्या ग्रॅमांनीं मोजण्याइतक्या काढल्या.

तथापि ३,००० अंशांहून प्रखर अशा ज्वालेवर ताबा ठेवणें अवघड. म्हणून आज बहुधा नळीची भट्टी वापरतात. क्वार्ट्झच्या नळींत लोखंड, कोबाल्ट किंवा निकेल यांचे सूक्ष्म कण ठेवून ते ७०० ते १,००० अंशांपर्यंत तापवितात आणि त्यांवरून ॲसिटिलीन किंवा मिथेन सोडतात. वायूंतील कर्ब कणांत मुरतो. कण तृप्त झाला कीं जास्तीचा कर्ब नलिकेच्या रूपानें बाहेर पडूं लागतो. कण जेवढा, नलिका साधारण तेवढ्याच जाडीची. म्हणजे ही वाट १९५२ चीच होय.

या शोधाचें श्रेय कोणाला द्यावें, हा प्रश्न २००६ सालीं ‘कार्बन’ या शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकीयांत चर्चिला गेला. इइजिमांनीं जगाची दृष्टि नलिकेकडे वळविली, हें निर्विवाद. परंतु भट्टींतून ती केव्हांच निघूं लागली होती. काजळी टाकून न देणारा डोळा शोधाला लागतोच; पण त्यानें पाहिलेलें दुसऱ्यांच्या भाषेंत पोंचलें नाहीं, तर तोच शोध पुन्हा लावावा लागतो.