पापनाशमचे कोठार आणि रोजगाराची व्याख्या

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना साधारण २५ किलोमीटरवर पापनाशम लागते. (तिरुनेलवेलीकडचे धबधब्याचे पापनाशम वेगळे.) गावालगत तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. नायक राजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले. त्यात सुमारे ३,००० कलम भात मावत असे. कलम हे इथले जुने माप. बारा मरक्काल म्हणजे एक कलम.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाला तंजावर माहीत असते ते व्यंकोजीराजांमुळे, सरस्वती महालामुळे आणि मोडी दफ्तरामुळे. १६७६ ते १८५५ या काळातील मराठी राजवटीचा वैभवशाली भाग आपण आवडीने सांगतो. परंतु नायकांप्रमाणेच मराठ्यांचे वैभवही उभे होते ते कावेरीच्या भातावर. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला प्रश्न पडतो तो असा: हे भात पिकविणाऱ्या माणसाला 'रोजगार' होता असे म्हणता येईल का?

तंजावरकडे जमिनीचा मालक म्हणजे मिरासदार. शब्द आपल्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रातही मिरासदार आणि उपरी असा भेद होताच. इथल्या मोठ्या मिरासदाराच्या शेतावर राबणारा कायमचा गडी म्हणजे पण्णैयाळ. तो बहुधा दलित जातींतील असे. आपल्याकडच्या सालगड्याचा करार निदान गुढीपाडव्याला नव्याने होतो. पण्णैयाळाचे नाते कर्जामुळे वर्षानुवर्षे, कित्येकदा पिढ्यान्‌पिढ्या, चालू राही. मजुरी धान्यात मिळे, सुगीला पिकातला काही वाटा मिळे, सणाला कपडा मिळे. झोपडी ज्या जागेवर, ती जागाही मालकाची. कामात कुचराई झाली तर चाबकाचे फटके आणि शेणपाणी पाजणे या शिक्षा विसाव्या शतकापर्यंत चालू होत्या.

पाठ्यपुस्तकात श्रमशक्तीचे दोन भाग असतात: काम असलेले, आणि काम शोधूनही न मिळालेले. या मोजपट्टीने पण्णैयाळ पूर्ण रोजगारात होता. बेकारीचे प्रमाण काढले असते तर ते जवळजवळ शून्य आले असते. तरीही तिथे श्रमाचा बाजार नव्हता. बाजार म्हणायचा तर विकणाऱ्याला 'या भावाला मी विकत नाही' असे म्हणता आले पाहिजे. पण्णैयाळाने तसे म्हटले असते तर त्याच संध्याकाळी त्याचे घर गेले असते.

हा नकाराचा अधिकार कायद्याने देण्याचे प्रयत्न झाले. त्यांचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्याने जरूर अभ्यासावा. १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मान्य करणे थांबवले. १८६२ पासून भारतीय दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. कागदावर माणूस मोकळा झाला, पण कर्ज आणि झोपडीची जागा तशीच राहिली. खरी वाट होती ती नागपट्टणमच्या बंदरातून. जो जहाजावर चढून मलायाकडे गेला, त्याला मळ्यावर दुसरे हाल सोसावे लागले. पण मिरासदाराला पहिल्यांदा कळले की गडी निघूनही जाऊ शकतो.

१९५२ मध्ये मद्रास सरकारने, राजगोपालाचारी मुख्यमंत्री असताना, खास तंजावर जिल्ह्यासाठी कुळे आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा आधी वटहुकूम काढला व मग कायदा केला. कुळाला पिकाचा किमान दोन-पंचमांश वाटा ठरला. पण्णैयाळाची मजुरी ठरली, त्याला मनमानीने काढण्यावर बंदी आली, तंटे सोडविण्यासाठी अधिकारी नेमले गेले. हेतू उत्तम होता. परिणाम काय झाला? अनेक मिरासदारांनी पण्णैयाळ ठेवणेच बंद केले आणि त्याच माणसांना रोजंदारीवर बोलावू लागले. कायद्याने 'पण्णैयाळ' या नात्याला संरक्षण दिले होते. नातेच संपल्यावर संरक्षणही संपले. बंधन सुटले, त्याबरोबर वर्षभराची भाकरीही सुटली. लावणी आणि कापणीला काम, मधल्या महिन्यांत रिकामे हात.

म्हणजे बेकारी मोजता येण्याजोगी झाली ती मजूर मोकळा झाल्यावर! आकडेवारीने हा बदल अधोगती म्हणून दाखवला असता. म्हणून दांतवाला समितीने १९७० मध्ये सांगितले की आपल्यासारख्या देशात बेकारीचा एकच आकडा पुरेसा नाही. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीत वर्षाची, आठवड्याची आणि दिवसाची अशी वेगवेगळी स्थिती मोजली जाऊ लागली, आणि हंगामी मजुराचे रिकामे दिवस कागदावर दिसू लागले.

पुढचा टप्पा रक्ताचा आहे. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या संघर्षातून दलित शेतमजूर कुटुंबांतील ४४ जणांना जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. १९६९ मध्ये शेतमजुरांच्या वाजवी वेतनाचा कायदा आला. माझ्या मते त्याहून दूरगामी ठरला तो १९७१ चा कायदा. त्याने शेतमजुराला त्याच्या झोपडीखालच्या जागेची मालकी दिली. त्यात मजुरीचा उल्लेखही नव्हता. पण घर जाण्याची भीती गेली की मजुरीची बोलणी बदलते.

याच सुमारास महाराष्ट्राने दुसरा आधार दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात सर्वत्र पसरली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मालकाने नाही म्हटले तरी सरकारी काम आहे, हा भरवसा त्यामागे होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो देशभर नेला. तमिळनाडूत या कामांवर स्त्रियांचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक राहिला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ केले. सोबत पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद केली. शेतकऱ्याला मजूर मिळत नाहीत ही तक्रार खोटी नाही. कावेरीच्या खोऱ्यात आज कापणी बहुतांशी यंत्राने होते, त्याचे हेही एक कारण आहे. पण मजुराला भाव मागता येतो तो नेमका त्याच दिवसांत. त्या दिवसांत दुसरे काम बंद असेल, तर हमी वर्षभर असूनही हव्या त्या वेळी नसेल.

म्हणून रोजगाराच्या कोणत्याही योजनेची फाइल समोर आली की दिवसांच्या आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: या माणसाने उद्या 'नाही' म्हटले, तर तो राहील कुठे आणि खाईल काय?