काडीमोडीपासून समुपदेशनापर्यंत : गोंदिया परिसरातील दांपत्यकलहाच्या निवारणाचा मागोवा

दांपत्यकलहाविषयी आपल्या भाषेत रूढ असलेले जुने शब्द तपासून पाहिले, तर पतिपत्नींच्या परस्पर संभाषणाचा निर्देश त्यांत जवळजवळ कोठेच आढळत नाही. मुलगी सासरी 'नांदते', बिनसले म्हणजे 'माहेरी येऊन बसते', मग वडीलधारी मंडळी तिला 'नांदावयास धाडतात', आणि काहीच जमले नाही तर काडीमोड घेतला जातो अथवा सोडचिठ्ठी लिहून दिली जाते. या साऱ्या क्रिया एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यायेण्याच्या, नाही तर संबंध तोडण्याच्या आहेत. शिवाय 'नांदणे' या क्रियेचा कर्ता बहुधा सूनच असते. नवरा नांदत नाही अशी तक्रार कोणी केलेली ऐकिवात नाही. समुपदेशन ही संस्था या शब्दसृष्टीत किती उशिरा व कोणत्या वाटेने आली, हे गोंदिया परिसरापुरते पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास भंडाऱ्याचाच आहे, आणि तो पुण्यामुंबईच्या इतिहासाहून एका बाबतीत भिन्न आहे. हा मुलूख १९५६ पर्यंत प्रथम मध्यप्रांतात व नंतर मध्यप्रदेशात होता. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा केला, तो येथे लागू नव्हता. पोवार, कुणबी, लोधी, महार, गोंड इत्यादी समाजांतील घरगुती तंटे प्रायः जातीच्या पंचायतीपुढेच जात. मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी रसेल व हिरालाल यांचा जो ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात पंचायतीचा दंड, जातिभोजन, बहिष्कार व पुनर्विवाहाच्या चालीरीती यांची वर्णने विपुल आहेत. ती वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते : पंचायतीपुढे वाद असतो तो दोन घराण्यांचा. लग्नाचा खर्च कोणी सोसावा, दागिने कोणाकडे राहावेत, दंड कोणी भरावा, हे तेथे ठरते. ज्या स्त्रीच्या संसाराविषयी हे चालले आहे, तिच्या वतीने बाप किंवा भाऊ बोलतो. पंचायत निरुपयोगी होती असे मी म्हणत नाही. ती जवळ होती, स्वस्त होती, तिची भाषा पक्षकारांना समजत असे. कोर्टाला हे तिन्ही गुण आजही पुरते साधलेले नाहीत.

इंग्रजी न्यायासनानेही बोलण्याचा प्रश्न सोडवला नव्हता. मुंबईच्या रखमाबाईच्या खटल्यात १८८७ साली उच्च न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जाण्यास, न गेल्यास सहा महिने तुरुंगवास सोसण्यास फर्माविले. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटले. म्हणजे आधुनिक न्यायालयही 'नांदावयास धाडणे' व पैशांची तडजोड यांपलीकडे गेले नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भंडारा जिल्ह्यातील हिंदूंना प्रथमच घटस्फोटाचा वैधानिक मार्ग खुला केला. त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमात न्यायाधीशावर एक नवे कर्तव्य टाकलेले आहे : दाद देण्यापूर्वी, शक्य असेल तेथे, उभयपक्षांत समेट घडवून आणण्याचा सर्वतोपरी प्रयत्न त्याने करावा. कर्तव्य सांगितले, पण त्याचे तंत्र सांगितले नाही. साक्षीपुरावे तोलण्यात आयुष्य घालविलेल्या न्यायाधीशाने आपल्या दालनात नवराबायकोंस समोर बसवून 'दोघांनी समजुतीने घ्यावे' असे सांगावे, याहून अधिक काय घडणार? १९७६ च्या दुरुस्तीने प्रकरण पंधरा दिवसांपर्यंत तहकूब करून समेटासाठी अन्य व्यक्तीकडे सोपविण्याची सोय केली, आणि त्याच वर्षी दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी स्वतंत्र आदेश घातला गेला. समेट घडविणे हे न्यायदानाहून वेगळे काम आहे, ही कबुली तेव्हा प्रथम मिळाली.

या कामाचा मराठीतील खरा पूर्वज मात्र कोर्टाबाहेर शोधावा लागतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. वाचकांच्या वैवाहिक व लैंगिक अडचणींना त्यात उत्तरे दिली जात. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे यांची उत्तरे कित्येकदा कठोर असत, आणि समुपदेशकाचा मृदूपणा त्यांच्या अंगी होता असे म्हणता येत नाही. परंतु घरात ज्याचा उच्चार होत नाही ते एका अपरिचित, निःपक्षपाती माणसास सांगता येते, ही कल्पना मराठी समाजात रुजविण्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

१९८४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्या वर्षी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष उघडला, आणि संसदेने कुटुंब न्यायालयांचा कायदा केला. या न्यायालयात समुपदेशक हा स्वतंत्र अधिकारी असतो, आणि वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे ही न्यायालये सुरू झाली. कायद्याने ती सक्तीची केली ती दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपुरती. गोंदियासारख्या, भातगिरण्या व विडीचे कारखाने यांभोवती वाढलेल्या रेल्वे जंक्शनच्या गावाला ती सक्ती लागू होत नव्हती.

समुपदेशक नेमके काय वेगळे करतो? समजा, नवरा नागपुरास कामाला आहे, सून गावी सासूसासऱ्यांपाशी राहून विड्या वळते, आणि पैसे सासूच्या हाती येतात. पंचांपुढे गेल्यास 'सून उलट बोलते' आणि 'नवरा खर्चाला देत नाही' अशी दोन वाक्ये ऐकू येतील व त्यांचा निवाडा होईल. समुपदेशक प्रथम दोघांस निरनिराळे भेटतो. त्यामुळे सासूदेखत न बोलता येणारे बोलले जाते. नंतर एकत्र बसवून एकाचे पुरे झाल्याशिवाय दुसऱ्यास बोलू देत नाही, आणि ऐकणाऱ्याने काय ऐकले ते त्याच्याच तोंडून वदवून घेतो. 'तुम्ही मला विचारीतच नाही' या तक्रारीतून कोणत्या महिन्यात, किती पैसे, कोणाच्या हाती, असा बोलता येण्याजोगा प्रश्न निघतो. मग काही दिवसांनी पुन्हा भेट ठरते. पंचायत एका बैठकीत संपत असे. येथे दुसरी व तिसरी भेट हेच मुख्य काम. झाडीपट्टीच्या नाटकांत सासूसुनांचे तंटे रात्रभर रंगतात व सारा गाव डोळे पुसतो. त्याच गावातली सून स्वतःच्या घरात चार वाक्ये सलग बोलू शकत नाही, हा विरोध या भागात राहिलेल्या कोणाच्याही परिचयाचा असेल.

१५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि पंचांची कल्पना शासकीय स्वरूपात गावी परत आली. ग्रामसभेने नेमलेल्या समितीने तंटे मिटवावेत, आणि यशस्वी गावास पुरस्कार मिळावा, अशी ही योजना होती. शेताच्या बांधाचा तंटा अशा रीतीने मिटणे इष्टच आहे. पण मिटलेल्या तंट्यांवर गावाचा लौकिक अवलंबून असला, तर मार खाल्लेल्या स्त्रीवर 'मिटवून टाक' असा दबाव कोणाकडून येईल, हे सांगावयास नको. नोंदवहीत 'समेट झाला' एवढे उरते. समेट कशाच्या मोबदल्यात झाला ते उरत नाही.

याच ठिकाणी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे नियम मला अधिक विचारपूर्वक केलेले वाटतात. या कायद्याने दंडाधिकाऱ्यास समुपदेशनाचा आदेश देता येतो. परंतु २००६ च्या नियमांप्रमाणे हिंसेचे समर्थन करण्यास समुपदेशनात प्रतिवादीला मुभाच नाही, आणि हे त्यास प्रारंभीच बजावून सांगावे लागते. संवादाला एक पूर्वअट असते हे येथे कायद्याने ओळखले. 'दोघांचेही थोडेथोडे चुकते' हे पंचांचे आवडते वाक्य काही प्रसंगी अन्यायाचेच साधन ठरते, याचीही ही कबुली आहे. २०१७ पासून अमलात आलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने जातपंचायतीचे जुने हत्यारही गुन्हा ठरविले.

तथापि सालेकसा व देवरी या तालुक्यांतील गोंड कुटुंबांचा प्रश्न निराळाच राहतो. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. त्यांचा विवाह व विच्छेद रूढीनुसार चालतो. तेथे वडीलधाऱ्यांची बैठक हा प्राचीन अवशेष म्हणून उरलेला नाही, तोच विधिसंमत मार्ग आहे. आणि कार्यालयाची भाषा मराठी असली, तरी घरातील भांडण गोंडी, पोवारी, झाडीबोली किंवा छत्तीसगढीत झालेले असते. आपल्या पदवीधर समाजकार्यकर्त्यांपैकी किती जणांस हे भांडण मूळ भाषेत ऐकता येईल, याची विचारणा विद्यापीठीय विभागांनी प्रथम स्वतःकडेच करावयास हवी. दुभाष्याचे काम पुन्हा त्या बाईच्या दिराकडेच जाणार असेल, तर ती आणि पंचांपुढे बापामागे उभी राहिलेली तिची आजी यांच्या स्थितीत फार अंतर पडलेले नाही.